जे तपासले नाही, तेही अहवालात लिहा : जनुकीय प्रयोगशाळांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मायलॉइड, म्हणजे अस्थिमज्जेतल्या रक्तपेशींच्या एका शाखेतून उद्भवणाऱ्या, रक्तकर्करोगांची जनुकीय तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांचे प्रमुख आणि त्या अहवालांवर सही करणारे तज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचा अहवाल हातात आल्यावर ज्यांना रुग्णासमोर बसून आजाराचे नाव सांगावे लागते आणि औषध लिहून द्यावे लागते, अशा रक्तविकारतज्ज्ञांपैकी मी एक आहे. तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि तक्रार करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. माझी मागणी मात्र स्पष्ट आहे. अहवालात काय सापडले हे तुम्ही उत्तम रीतीने लिहिता. काय शोधले, कोणत्या पद्धतीने शोधले आणि त्या पद्धतीला काय दिसूच शकत नाही, हेही तितक्याच ठळकपणे आणि पहिल्याच पानावर लिहावे. ज्या क्रमाने उपचाराचे निर्णय घ्यावे लागतात, त्याच क्रमाने निष्कर्ष आमच्यापर्यंत पोहोचावेत, एवढी त्याला जोड.

या मागणीमागचे कारण असे की तुमच्या अहवालाचे स्थान आता बदलले आहे. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या, पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ते ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून तयार होते, हे जॅनेट रॉली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. आणि त्या अदलाबदलीतून जन्मणाऱ्या बीसीआर-एबीएल१ प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवून वापरात आले. एका आजाराच्या बाबतीत चार दशकांत जे घडले, ते गेल्या वीस वर्षांत उरलेल्या बहुतेक मायलॉइड आजारांच्या बाबतीत घडले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली दोन्ही वर्गीकरणे, जागतिक आरोग्य संघटनेची पाचवी आवृत्ती आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे सहमती-वर्गीकरण, जनुकीय बदलाला पेशींच्या रूपापेक्षा वरचे स्थान देतात. अस्थिमज्जेत १२ टक्के ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशी असलेल्या रुग्णाला पूर्वी २० टक्क्यांच्या निकषामुळे तीव्र ल्युकेमिया म्हणता येत नसे. आज त्याच रुग्णात एनपीएम१ जनुकातील ठराविक बदल सापडला, तर दोन्ही वर्गीकरणांनुसार त्याला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, आहे. तो बदल नसेल, तर आजाराचे नाव वेगळे, उपचार वेगळे आणि रुग्णाला सांगायच्या गोष्टीही वेगळ्या. म्हणजे निदान करून झाल्यावर त्याला जोडायचे परिशिष्ट म्हणून जनुकीय अहवालाकडे आता पाहता येत नाही; निदान त्या अहवालातच होते. आणि ज्या कागदावर निदान होते, त्या कागदाने आपल्या मर्यादा झाकून ठेवून चालत नाही.

मर्यादा झाकल्या जातात म्हणजे काय होते, हे एका उदाहरणाने सांगतो. एखाद्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अनेक महिने वाढलेल्या आहेत, धाप लागते आहे, हृदयाच्या तपासणीत स्नायूला इजा झाल्याच्या खुणा दिसत आहेत. अस्थिमज्जेचा नमुना गुणसूत्र तपासणीसाठी, म्हणजे कॅरिओटाइपसाठी, जातो आणि वीस पेशी पाहून अहवाल येतो : सामान्य पुरुषी कॅरिओटाइप, कोणताही दोष आढळला नाही. अहवाल खरा आहे. मात्र अशा रुग्णांतील काहींमध्ये, आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे आहे, चौथ्या गुणसूत्रावरचा डीएनएच्या सुमारे आठ लाख अक्षरांचा तुकडा गळून पडलेला असतो आणि त्यामुळे एफआयपी१एल१ आणि पीडीजीएफआरए ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात. आठ लाख अक्षरे ऐकायला पुष्कळ वाटतात, पण कॅरिओटाइपच्या पट्ट्यांत एवढा लहान तुकडा दिसत नाही. तो फिश तपासणीत (गुणसूत्राच्या ठराविक भागाला चमकणारी खूण जोडून पाहण्याच्या पद्धतीत) दिसतो किंवा आरएनएवरच्या तपासणीत दिसतो, आणि दिसला तर दिवसाला १०० मिलिग्रॅम इमॅटिनिब अनेकदा पुरेसे ठरते. हा संबंध २००३ पासून माहीत आहे. तो दिसला नाही, तर तोच रुग्ण वर्षानुवर्षे स्टिरॉइडवर राहू शकतो आणि तेवढ्या काळात हृदय आणखी निकामी होऊ शकते. ‘कॅरिओटाइपमध्ये ४क्यू१२ वरील लहान तुकड्याची गळती दिसत नाही, इओसिनोफिल वाढल्याचे कारण शोधायचे असल्यास पीडीजीएफआरएसाठी फिश किंवा आरएनए तपासणी करावी’ असे एक वाक्य अहवालाखाली असते, तर नमुना पाठवणारा नवखा डॉक्टरही थांबला असता. हे वाक्य लिहायला एक मिनिट लागते आणि ते साच्यात एकदा बसवले की पुन्हा लिहावेही लागत नाही.

असे आंधळे कोपरे प्रत्येक पद्धतीला असतात आणि ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. एफएलटी३ जनुकातील आयटीडी नावाची पुनरावृत्ती कधी काही अक्षरांची असते, तर कधी शंभराहून अधिक अक्षरांची. छोट्या तुकड्यांवर चालणाऱ्या सिक्वेन्सिंगच्या (डीएनएची अक्षरे वाचण्याच्या पद्धतीच्या) संगणकीय गणितातून लांब पुनरावृत्त्या निसटतात, पण तुकड्यांची लांबी मोजणाऱ्या साध्या तपासणीत त्या ठळक दिसतात. सीईबीपीए जनुकाची रचनाच अशी की त्यातले काही भाग सिक्वेन्सिंगमध्ये नीट वाचले जात नाहीत. केएमटी२ए जनुकातील अंशतः पुनरावृत्ती अनेक पॅनेलमध्ये (एकत्र तपासायच्या जनुकांच्या संचांत) मोजलीच जात नाही, आणि पॅनेलच्या यादीत केएमटी२एचे नाव दिसल्यामुळे आम्हाला मात्र ती मोजली गेली असेच वाटत राहते. एनयूपी९८ आणि एनएसडी१ यांचे जुळणे ११ व्या आणि ५ व्या गुणसूत्रांच्या अगदी टोकांवर घडते, त्यामुळे ते कॅरिओटाइपमध्ये लपून राहते. मॅस्टोसायटोसिसमध्ये (मास्ट पेशी वाढण्याच्या आजारात) केआयटी जनुकातला डी८१६व्ही हा बदल नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढ रुग्णांत असतो, पण रक्तात त्याचे प्रमाण इतके कमी असू शकते की नेहमीच्या सिक्वेन्सिंगला तो सापडत नाही; त्यासाठी त्या एकाच बदलाकरिता बनवलेली अतिसंवेदनशील पीसीआर (ठराविक तुकड्याच्या प्रती वाढवून तो शोधणारी तपासणी) लागते. पॉलिसायथेमिया व्हेराच्या (तांबड्या पेशी वाढण्याच्या आजाराच्या) सुमारे ९५ टक्के रुग्णांत जेएके२ जनुकातला व्ही६१७एफ हा बदल असतो, आणि उरलेल्यांतील अनेकांत त्याच जनुकाच्या बाराव्या एक्सॉनमध्ये, म्हणजे खंडात, बदल असतो. ‘जेएके२ निगेटिव्ह’ एवढेच लिहिलेल्या अहवालावरून नुसता व्ही६१७एफ पाहिला की बारावा एक्सॉनही पाहिला, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि हिमोग्लोबिन वाढलेला रुग्ण भलत्याच दिशेने तपासला जातो.

सीएमएलमध्ये हाच प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण तिथे तपासणी एकदा होऊन संपत नाही. बहुतेक रुग्णांत बीसीआर-एबीएल१ चे ई१३ए२ किंवा ई१४ए२ हे प्रकार असतात आणि नेहमीची संख्यात्मक पीसीआर त्यांच्यासाठीच बेतलेली असते. ई१९ए२ किंवा ई१४ए३ यांसारखा विरळा प्रकार असेल, तर तीच पीसीआर पहिल्या दिवसापासून शून्य दाखवू शकते. निदानाच्या वेळी फिशमध्ये जुळलेले जनुक स्पष्ट दिसलेले असते, औषध सुरू होते, तीन महिन्यांनी पीसीआर शून्य येते आणि डॉक्टर व रुग्ण दोघेही आनंदून जातात. तो शून्य औषधाचे यश नसतो. म्हणून निदानाच्या नमुन्यावर प्रतिलेखाचा, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीचा, प्रकार ठरवून तो पुढच्या प्रत्येक अहवालावर छापला जावा, आणि तो प्रकार मोजणारी पीसीआर उपलब्ध नसेल तर आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवरचा आकडा देऊच नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

‘सामान्य’ या निष्कर्षामागचे आकडेही लिहायला हवेत. संवर्धनातून सातच विभाजनशील पेशी मिळाल्या आणि त्या सातही सामान्य दिसल्या, तर वीस पेशी पाहून काढलेल्या निष्कर्षाइतका भरवसा त्या अहवालावर ठेवता येत नाही. तरीही दोन्ही अहवालांचा शेवटचा शब्द एकच असतो आणि सातचा आकडा आतल्या एखाद्या ओळीत दडलेला असतो. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात वाचला जातो तो शेवटचा शब्द. (कोणी म्हणेल की डॉक्टरांनी अहवाल पूर्ण वाचावा. बरोबर आहे. पण तो कसा वाचला जातो हे डोळ्यांसमोर ठेवूनच तो लिहायला हवा.)

एमडीएसच्या, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याच्या आजाराच्या, रुग्णांचे भवितव्य वर्तवणाऱ्या मापनपद्धतीने तर ही शिस्त आपल्यावर आता जवळपास लादलीच आहे. १९९७ चा आयपीएसएस आणि २०१२ मधली त्याची सुधारित आवृत्ती रक्तपेशींची संख्या, ब्लास्टचे प्रमाण आणि गुणसूत्रे यांवर चालत असे. २०२२ मध्ये आलेल्या आयपीएसएस-एम या आवृत्तीत त्यांच्या जोडीला ३१ जनुके आली आणि रुग्ण सहा गटांत विभागले जाऊ लागले. ज्या रुग्णसमूहावर ही पद्धत उभी राहिली, त्यातील ४६ टक्के रुग्णांचा गट जुन्या पद्धतीच्या तुलनेत बदलला. प्रत्यारोपणाचा धोका आत्ताच पत्करायचा की वाट पाहायची, हे या गटावर अवलंबून असते. या पद्धतीच्या गणकयंत्रात प्रत्येक जनुकासमोर तीन पर्याय आहेत : बदल आहे, बदल नाही, तपासले नाही. तिसरा पर्याय निवडला की ते सर्वांत चांगली, सरासरी आणि सर्वांत वाईट अशा तीन शक्यतांचे वेगवेगळे गुण देते, म्हणजे त्या रुग्णाच्या बाबतीत अनिश्चितता किती आहे ते प्रामाणिकपणे समोर ठेवते. गणकयंत्राला जो फरक करता येतो तो आमच्या हातातल्या अहवालात नसेल, तर आम्ही ‘तपासले नाही’च्या जागी ‘बदल नाही’ भरतो आणि रुग्ण खऱ्यापेक्षा कमी धोक्याचा ठरतो. वर ज्या केएमटी२एच्या अंशतः पुनरावृत्तीचा उल्लेख केला, ती या गुणांकनातल्या सर्वांत जड घटकांपैकी एक आहे.

टीपी५३ बद्दल वेगळे लिहायला हवे, कारण तिथे एकाच प्रयोगशाळेच्या दोन विभागांमधले अंतर रुग्णाला भोवते. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली आहे की दोन्ही, यावर एमडीएसमधले भवितव्य फार बदलते. एका प्रतीत उत्परिवर्तन आणि दुसरी प्रत १७ व्या गुणसूत्राच्या तुकड्याबरोबर गळालेली, अशी स्थिती असेल तर दोन्ही प्रती गेल्या. उत्परिवर्तन सिक्वेन्सिंगच्या अहवालात असते आणि गळती कॅरिओटाइपच्या. दोन अहवाल आठ-दहा दिवसांच्या अंतराने, दोन वेगळ्या सह्यांनिशी येतात आणि एकातही दुसऱ्याचा उल्लेख नसतो. त्यांची सांगड घालण्याचे काम शेवटी ज्याच्या टेबलावर दोन्ही कागद एकत्र येतील, त्या डॉक्टरावर पडते. ते काम सही करणाऱ्या तज्ज्ञांनी करावे, आणि प्रत्येक रुग्णाचा शेवटी एक एकत्रित निष्कर्ष यावा. त्या निष्कर्षात कोणत्या वर्गीकरणानुसार नाव दिले आहे तेही लिहावे, कारण १० ते १९ टक्के ब्लास्ट असलेल्या रुग्णाला एक वर्गीकरण एमडीएस म्हणते, तर दुसरे एमडीएस/एएमएल अशा मधल्या नावाने ओळखते, आणि औषधांच्या चाचण्यांत प्रवेश मिळण्यापासून अनेक गोष्टी त्या नावावर ठरतात.

आता वेळेबद्दल. एएमएलच्या युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०२२ च्या शिफारशींत एफएलटी३, आयडीएच१, आयडीएच२ आणि एनपीएम१ यांचे निष्कर्ष शक्यतो तीन ते पाच दिवसांत आणि कॅरिओटाइप पाच ते सात दिवसांत मिळावा, असे म्हटले आहे. हे आकडे उपचाराच्या वेळापत्रकातून आलेले आहेत. सायटाराबीन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस ही केमोथेरपी दिल्यावर एफएलटी३ बदल असलेल्या रुग्णाला मिडोस्टॉरिन आठव्या दिवसापासून सुरू करायचे असते. त्या दिवशी हातात निष्कर्ष नसेल तर पहिल्या फेरीत त्या औषधाचा मुहूर्तच टळतो. त्यामुळे पन्नास जनुकांचे पॅनेल पूर्ण होईपर्यंत एफएलटी३चा निष्कर्ष अडवून ठेवण्यात काहीच हशील नाही. तो वेगळा, आधी, आणि फोनवर कळवावा. उरलेल्या पॅनेलसाठी आम्ही थांबू शकतो. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णात उपचार सुरू करण्याआधी काही दिवस वाट पाहिल्याने जगण्याची शक्यता घटत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे, आणि वयस्क रुग्णात तीव्र केमोथेरपी द्यायची की अॅझासिटिडीनबरोबर व्हेनेटोक्लॅक्स, हा निर्णय जनुके पाहून घेतलेला केव्हाही बरा.

अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया मात्र एक दिवसही थांबत नाही. तिथे रक्तस्रावाने होणारे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात, म्हणून नुसती शंका आली तरी आम्ही अॅट्रा हे औषध सुरू करतो आणि पीएमएल व आरएआरए ही जनुके जुळल्याची खात्री नंतर करून घेतो. त्या खात्रीसाठी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी फिश किंवा पीसीआरचे उत्तर मिळावे, मग तो रविवार असला तरी. सुट्टीच्या दिवसाची सोय कोणत्याही एकाच तपासणीसाठी करता येणार असेल, तर ती या तपासणीसाठी करा.

सापडलेल्या बदलांच्या बाबतीतही माझे थोडे म्हणणे आहे, आणि ते नेमके उलट्या बाजूचे आहे. तिथे अडचण गप्प राहण्याची नाही, अतिबोलकेपणाची आहे. वय वाढते तसे अनेक निरोगी माणसांच्या रक्तात डीएनएमटी३ए, टीईटी२ किंवा एएसएक्सएल१ यांसारख्या जनुकांत बदल झालेल्या पेशींचे छोटे वंश तयार होतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांत सत्तरीपुढच्या सुमारे दहा टक्के माणसांत असे बदल दिसले, आणि अशा माणसांपैकी वर्षाला सुमारे अर्धा ते एक टक्का लोकांनाच पुढे रक्ताचा कर्करोग होतो. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे कमी असलेल्या एखाद्या आजीबाईंच्या अहवालात टीईटी२ बदल लाल अक्षरांत ‘रोगकारक’ म्हणून छापला जातो, तेव्हा त्यांच्या घरच्यांना त्यातून एकच अर्थ कळतो, आणि लोहाची कमतरता पाहायचीच राहून जाते. प्रत्येक बदलापुढे तो किती टक्के वाचनांत दिसला हा आकडा, म्हणजे व्हीएएफ, द्यावा आणि पेशींत आजाराच्या खुणा नसतील तर एवढ्या बदलावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही, असे स्पष्ट लिहावे. ज्यांचा अर्थ अजून लागलेला नाही अशा बदलांची यादी शेवटच्या पानावर असावी. पहिल्या पानावर तिचा उपयोग नाही.

तोच व्हीएएफचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर प्रश्न वेगळा होतो. डीडीएक्स४१, आरयूएनएक्स१, जीएटीए२, ईटीव्ही६, सीईबीपीए यांसारख्या जनुकांत तो बदल जन्मतःच शरीराच्या प्रत्येक पेशीत असू शकतो, म्हणजे तो आईवडिलांकडून आलेला आणि भावंडांतही असू शकणारा असतो. डीडीएक्स४१ च्या बाबतीत हे सहज नजरेतून सुटते, कारण त्या घराण्यांत आजार बहुधा उतारवयात दिसतो आणि साठी उलटलेल्या रुग्णाला वारशाने आलेला आजार असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. हे वेळीच लक्षात आले नाही, तर प्रत्यारोपणासाठी दाता म्हणून निवडलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या अस्थिमज्जेतही तोच बदल असू शकतो आणि रुग्णात दात्याच्या पेशींतूनच नवा ल्युकेमिया उभा राहिल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणून अशा प्रत्येक बदलापुढे ‘वारशाने आलेला असण्याची शक्यता, खात्री करावी’ ही सूचना आपोआप यावी, आणि ती खात्री रक्तावर किंवा लाळेवर होत नाही हेही सांगावे. लाळेतही रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात. त्यासाठी त्वचेचा बारीक तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवाव्या लागतात आणि त्याला काही आठवडे लागतात. दाता निवडण्याच्या आत उत्तर हवे असेल, तर ही सूचना पहिल्याच अहवालात यायला हवी.

उपचारानंतरच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएल१ च्या प्रमाणाच्या ०.१ टक्के, ०.०१ टक्के आणि ०.००३२ टक्के या पायऱ्या सर्वांना पाठ आहेत आणि तिथे तुमचे काम उत्तम चालले आहे. एएमएलमध्ये एनपीएम१ च्या प्रतिलेखांची मोजणी दोन फेऱ्यांनंतर रक्तात केली तर पुढे आजार उलटण्याचा अंदाज फार चांगला येतो, आणि ती दरवेळी त्याच पद्धतीने केली तरच आकड्यांची तुलना होऊ शकते. डीएनएमटी३ए, टीईटी२ आणि एएसएक्सएल१ हे बदल मात्र उपचारानंतर रक्तात टिकून राहिले तरी केवळ त्यावरून आजार उलटणार असे म्हणता येत नाही. ते ‘शिल्लक आजार’ या शीर्षकाखाली छापू नयेत. आजार खरोखर उलटला, तर पहिल्या अहवालावर विसंबून राहता येत नाही, कारण एफएलटी३ बदल निदानाच्या वेळी नसून नंतर उगवू शकतो किंवा असून नाहीसा होऊ शकतो. अशा वेळी नवा नमुना मागायला संकोच करू नका.

आमच्याकडूनही तुमच्या कामात अडथळे येतात, तेव्हा आमची बाजूही सांगायला हवी. अस्थिमज्जा ओढताना पहिला उपसा सर्वांत दाट असतो आणि पुढच्या प्रत्येक उपशात रक्त मिसळत जाते. तरीही पहिला उपसा भलत्याच तपासणीला जातो आणि जनुकीय तपासणीच्या नळीत पातळ झालेला माल पडतो. गुणसूत्रांसाठी जिवंत, वाढणाऱ्या पेशी हव्यात म्हणून नमुना हेपॅरिनच्या नळीत हवा, आणि डीएनएसाठी ईडीटीएच्या नळीत, कारण हेपॅरिनने पीसीआर अडते. या नळ्यांची अदलाबदल आजही होते. अस्थिमज्जेतून काहीच ओढले जात नाही तेव्हा हाडाचा तुकडा आम्लात मऊ करून पाठवला जातो आणि त्यातल्या डीएनएचे वाटोळे झालेले असते. रक्तात ब्लास्ट पेशी असतील तर तेच रक्त पाठवणे कितीतरी बरे. मागणी-अर्जावर ‘ल्युकेमिया?’ एवढेच लिहून आम्ही तुमच्याकडून नेमक्या उत्तराची अपेक्षा करतो, हेही न्याय्य नाही. रक्तपेशींचे आकडे, ब्लास्टचे प्रमाण, कुटुंबातील रक्तविकारांचा इतिहास आणि निर्णय कोणता घ्यायचा आहे, एवढी माहिती अर्जावर नसेल तर नमुना ठेवून घ्या, पण आम्हाला त्याच दिवशी फोन करून ती विचारा. नमुना अपुरा असेल तर तेही त्याच दिवशी कळवा. दहा दिवसांनी ‘नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा’ असा कागद येतो, तेव्हा रुग्णाची पहिली केमोथेरपी होऊन गेलेली असते आणि निदानाच्या वेळची अस्थिमज्जा पुन्हा मिळण्यासारखी राहिलेली नसते.

म्हणून ठोस सूचना अशी. तुमच्या अहवालाच्या पहिल्या पानाचा साचा एकदा आमच्यापैकी काही डॉक्टरांना बरोबर बसवून तयार करा. वर एकत्रित निष्कर्ष आणि वापरलेले वर्गीकरण. त्याखाली उपचार ठरवणारे बदल व्हीएएफसह. मग वारशाची शक्यता असलेले बदल. आणि त्यानंतर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तीन ओळी : कोणती जनुके आणि कोणते प्रकार पाहिले, कोणते पाहिले नाहीत, आणि किती टक्क्यांखालचा बदल या पद्धतीने दिसत नाही. कॅरिओटाइप असेल तर पाहिलेल्या पेशींची संख्या निष्कर्षाच्याच वाक्यात हवी. तळाशी सही करणाऱ्या तज्ज्ञाशी थेट बोलता येईल असा क्रमांक. मागणी-अर्जाचा नवा साचा आम्ही तयार करतो आणि तो पूर्ण भरल्याशिवाय नमुना पाठवायचा नाही, हे आमच्या विभागांत आम्ही बंधनकारक करून घेतो. पहिल्या बैठकीसाठी तुम्हाला सोयीचा दिवस कळवावा. रुग्णांचे नाव-गाव काढून टाकलेले काही जुने अहवाल आम्ही बरोबर आणू, म्हणजे कोणती ओळ कुठे कमी पडते हे समोरासमोर पाहता येईल.

आपला,
एक रक्तविकारतज्ज्ञ